बारा पेल्यांचा ट्रे

कुसुम वाघचौरेला प्रार्थनेची सवय आईकडून लागली होती, आणि आईची सवय साऱ्या मंडईला माहीत होती. मुक्ताबाई वाघचौरे गुरुवार पेठेत राहायच्या आणि त्यांच्या चर्चच्या बायबलबाई होत्या. बायबलबाईचं काम म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवायचं, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, बाळंतिणीची विचारपूस करायची, आणि कुणी दारातूनच वाटेला लावलं तरी हसून 'सलाम' म्हणून पुढच्या दाराशी जायचं. कुठलंही काम हाती घेण्याआधी मुक्ताबाई डोळे मिटायच्या. मटार घेण्याआधीसुद्धा. मंडईतली भाजीवाली ओरडायची, "अहो मुक्ताबाई, आधी भाव तरी ऐका, मग देवाला सांगा!" त्यावर या डोळे न उघडताच म्हणायच्या, "तुझा भाव ऐकायचं बळच मागतेय गं."

कुसुमचे वडील बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. ती नऊ वर्षांची असताना ते गेले. मग घरात दोघीच. त्यामुळे आईचं जे होतं ते मुलीच्या अंगात मुरलं. चालणं, बोलणं आणि डोळे मिटणंही. शाळेत फळ्यावरचं गणित सोडवायला उठली तरी कुसुम आधी अर्धं मिनिट डोळे मिटायची. मास्तर म्हणायचे, "वाघचौरे, उत्तर आत लिहिलंय का?"

पानशेतचं धरण फुटलं त्या वर्षी ती सोळा वर्षांची होती. पुरानंतर शाळाशाळांतून कॉलऱ्याच्या लशी टोचणं चाललं होतं. मुक्ताबाई बायकांच्या रांगा लावायला गेल्या आणि लेकीला बरोबर घेऊन गेल्या. तिथे एक उंच नर्स सकाळपासून उभी होती. कुसुम तिच्या हातात स्पिरिटचे बोळे देत होती. संध्याकाळी सामान आवरताना ती नर्स म्हणाली, "हात स्थिर आहे गं तुझा. काय नाव?" एवढ्या एका वाक्यावर या पोरीने आयुष्य ठरवून टाकलं. याहून कमी माहितीवर माणसं लग्नं ठरवतात, तेव्हा मी तिला नावं ठेवणार नाही.

मॅट्रिक झाली आणि त्रेसष्ट साली तिला एका धर्मादाय रुग्णालयात नर्सिंगच्या शिक्षणाला जागा मिळाली. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथली जुनी माणसं अजून हयात आहेत, आणि पुण्यातली जुनी माणसं चूक दाखवणारं पत्र लिहायला कधीच थकत नाहीत. शिक्षण साडेतीन वर्षांचं, पण पहिले सहा महिने चाचणीचे. त्या सहा महिन्यांत डोक्यावर टोपी नाही. टोपी नाही म्हणजे तुम्ही अजून कुणीच नाही. बेडपॅन धुवा, चादरीचे कोपरे दुमडा, काचेच्या सिरिंजा उकळा आणि वरच्या वर्गातल्या मुलींना वाट द्या. सहा महिने धड निभावले की समारंभ व्हायचा. आईवडील यायचे, प्रत्येक मुलीच्या डोक्यावर पांढरी खळ घातलेली टोपी बसायची, आणि मग ती खरी विद्यार्थिनी. न निभावणारीला वळकटी बांधून घरी जावं लागे.

कुसुमची वळकटी तिसऱ्याच महिन्यात बांधली जायची वेळ आली होती. व्याख्यानं सगळी इंग्रजीत, आणि ही मराठी शाळेतली. पहिल्या परीक्षेत शरीररचनेत ती साफ आपटली. एकच संधी उरली. तेव्हा तिने काय केलं, तर हाडांची सगळी इंग्रजी नावं आईच्या एका भजनाच्या चालीवर बसवली. रात्रंदिवस तेच. अंघोळीला गेली की न्हाणीघरातून मांडीच्या हाडापासून घोट्यापर्यंतचं भजन ऐकू यायचं, आणि तिची खोलीतली मैत्रीण रझिया बाहेरून टाळ्या वाजवायची. रझिया भवानी पेठेतली, घड्याळदुरुस्ती करणाऱ्या बापाची मुलगी, जिभेने तिखट आणि मनाने मऊ. ती म्हणायची, "कुसुम, आता मलाही तुमचं भजन पाठ झालं. अम्मीसमोर तोंडातून निघालं तर मला घराबाहेर काढेल." दुसऱ्यांदा कुसुम पास झाली. काठावर, पण पास. रझियाने तिला उचलून गरगर फिरवलं होतं.

आता उरली होती फक्त वॉर्डातली ड्यूटी आणि सिस्टर लिमये.

सिस्टर लिमये पुरुषांच्या वॉर्डच्या प्रमुख. नारायण पेठेतल्या. लग्नाला पाच वर्षं होताहेत तोवर नवरा गेला. तेव्हा सासरच्या कोपऱ्यात बसण्याऐवजी या बाई नर्सिंग शिकायला निघाल्या. निघताना देवघराची किल्ली सासूच्या हातात दिली ती कायमची. त्यानंतर त्यांनी कुठल्या देवापुढे हात जोडलेले कुणी पाहिले नाहीत. जिभेवर मात्र रोज धार लावत. उशिरा आलेल्या मुलीला म्हणत, "या, बसा. पेशंटना मी सांगितलंय, तुमची वेळ होईपर्यंत दुखणं थांबवा म्हणून." कुसुमला ट्रेसमोर डोळे मिटून उभं असलेलं त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "वाघचौरे, तुमचा देव औषधं वाटायला येणार असेल तर त्याला हजेरीपटावर सही करायला सांगा." कुसुम लाल झाली, पण सवय काही सुटली नाही. तिला खरोखर वाटायचं की प्रार्थनेशिवाय हात लावला तर तो हात तिचा एकटीचा राहील, आणि एकटीच्या हाताची तिला भीती वाटायची.

टोपीच्या समारंभाला नऊ दिवस उरले होते. मुक्ताबाईंनी नवं लुगडं आणून ठेवलं होतं. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीबरोबर प्रत्येकीला आमंत्रण गेलं होतं. त्यातल्या निम्म्या येणार नव्हत्या, पण विचारतील सगळ्या, हे कुसुमला पक्कं ठाऊक होतं.

सकाळचे साडेआठ. औषधं वाटायची वेळ. वॉर्डात बारा खाटा आणि ट्रेमध्ये बारा छोटे पेले, सहासहाच्या दोन रांगा. पेल्यांवर नावं नसत. डावीकडून पहिला पेला खाट नंबर एकचा, शेवटचा बाराचा. क्रम हीच ओळख. नियम असा होता की पेले भरताना कागद वाचायचा आणि खाटेपाशी गेल्यावर तिथला तक्ता पुन्हा वाचायचा. भरताना सगळ्या वाचत. खाटेपाशी वाचणं मात्र कधीच मागे पडलं होतं, कारण बाराच खाटा, काय चुकणार? कुसुमने पेले भरले, दोनदा पडताळले, ट्रे टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले.

"प्रभू, नऊ दिवस राहिलेत. माझ्या हातून चूक होऊ देऊ नकोस."

ती हे म्हणत होती तेवढ्या वेळात आया आनंदीबाई टेबल पुसायला आल्या. आनंदीबाई हडपसरच्या, वीस वर्षांच्या जुन्या, कामाला वाघ. प्रार्थना करणाऱ्या पोरीला हाक कशाला मारायची, म्हणून त्यांनी आवाज न करता ट्रे उचलला, टेबल पुसलं आणि ट्रे परत ठेवला. ठेवला तो फिरवून. बाराचा पेला एकच्या जागी आला, अकराचा दोनच्या. आनंदीबाई फडकं घेऊन पुढच्या टेबलाकडे गेल्या. कुसुमने डोळे उघडले, आमेन म्हटलं आणि ट्रे उचलला.

पहिल्या खाटेवरच्याने औषध घेतलं. दुसऱ्याने घेतलं. तिसऱ्या खाटेवर शमशुद्दीन होता, मंडईतला हमाल. विषमज्वराने एकवीस दिवस पिळून काढलेला, पेजेशिवाय पोटात काही जात नव्हतं. त्याने मान उचलली, गोळी गिळली आणि "मेहेरबानी, सिस्टर" म्हणाला. टोपी नसलेल्या मुलीला सिस्टर म्हणणारा वॉर्डात तो एकटाच. चौथ्यानेही घेतलं. पाचव्या खाटेवर आप्पासाहेब होते, निवृत्त हेडक्लार्क. त्यांनी पेला डोळ्यांसमोर धरला, चष्मा लावला, चष्मा काढला.

"अहो बाई, सोळा दिवस पांढरी गोळी खातोय. आज गुलाबी. मला बढती मिळाली की बदली झाली?"

कुसुमने पेल्यात पाहिलं. मग ट्रेमध्ये पाहिलं. क्षणभर तिला काही उमगेना आणि मग सगळंच एकदम उमगलं. तिने आप्पासाहेबांच्या हातून पेला काढून घेतला, ट्रे खिडकीत ठेवला आणि मनात मोजायला लागली. एकला बाराची: शक्तीची गोळी, हरकत नाही. दोनला अकराची: पोटदुखीची. चारला नऊची: रक्तवाढीची. आणि तीनला दहाची.

दहाव्या खाटेवर मधुमेही होता. त्याची गोळी साखर उतरवणारी. ती आता शमशुद्दीनच्या पोटात होती, आणि त्या पोटात काल दुपारपासून दोनच वाट्या पेज गेली होती.

रझिया शेजारच्या वॉर्डातून कापूस मागायला आली होती. कुसुमचा चेहरा बघून तिने तिला दारामागे ओढलं. कुसुमने दोन वाक्यांत सांगितलं. रझियाच्या तोंडचं पाणी पळालं, पण डोकं चाललं. "ऐक, ट्रे सरळ कर. बाकीची औषधं दे. त्या तीन नंबरला साखरेचं पाणी पाज, भरपूर. कुणाला कळणार नाही. नऊ दिवस आहेत, कुसुम. एकदा नापास झालीयेस. आता बोललीस तर मेट्रन तुला ठेवणार नाही."

सल्ला वाईट नव्हता. रझियाने तो प्रेमाने दिला होता, आणि त्या रुग्णालयात त्याआधी कितीतरी ट्रे असेच गुपचूप सरळ झाले असतील. कुसुमलाही तो क्षणभर पटला, हे तिने नंतर कधी लपवलं नाही. पण साखरेचं पाणी किती पाजायचं? कधीपर्यंत? पुरेल का? हे तिला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्या सिस्टर लिमये वीस पावलांवर बसून चादरींचा हिशोब लिहीत होत्या.

ती वीस पावलं ती चालली. "सिस्टर, मी चार पेशंटना चुकीची औषधं दिलीत. तीन नंबरने साखरेची गोळी घेतलीय. दहा मिनिटं झालीत."

सिस्टर लिमयेंनी टोचून काही बोलायची एवढी मोठी संधी आयुष्यात पहिल्यांदा सोडली असेल. त्या उठल्या. "डॉक्टरांना बोलाव. धाव. मग ग्लुकोज घेऊन ये." पुढचे दोन तास कुसुम शमशुद्दीनच्या खाटेपाशी होती. त्याला पाऊण तासाने दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं जड झालं. पण तोवर शिरेत सुई होती, डॉक्टर शेजारी होते. अकराच्या सुमारास त्याने डोळे उघडून पाणी मागितलं. डॉक्टर हात पुसत म्हणाले, "कळलं नसतं तर आम्ही विषमज्वराचा अशक्तपणा समजून पांघरूण घातलं असतं." एवढं बोलून ते राउंडला गेले. कुसुमच्या जिवात जीव आला आणि मग ती भांडीघरात जाऊन ढसाढसा रडली.

तिथेच आनंदीबाई आल्या. त्यांचा चेहरा फडक्यासारखा पांढरा पडला होता. "बाई, त्यो ट्रे म्याच उचलला व्हता. पुसायला. उलटा ठिवला का काय, मला काय ठावं? आता माझी नोकरी जाती." कुसुमने नाक पुसलं. म्हणाली, "आनंदीबाई, डोळे माझे मिटलेले होते. तुम्ही कामाला जा."

दुपारी कुसुमला आणि सिस्टर लिमयेंना मेट्रनबाईंच्या खोलीत बोलावणं आलं. मेट्रनबाई म्हणजे रुग्णालयातल्या साऱ्या नर्सांच्या प्रमुख; स्वतः ख्रिस्ती, कॅम्पातल्या चर्चमध्ये नेमाने जाणाऱ्या. कुणालाही वाटेल, कुसुमचं त्यांना जास्त समजेल. उलट झालं. आपल्या माणसाच्या चुकीचा राग दुप्पट येतो, तसा त्यांना आला होता.

"झोपली होतीस?"

"नाही, मॅडम. प्रार्थना करत होते."

"हे बाहेर कुणाला सांगू नकोस. लोक म्हणतील ख्रिस्ती पोरी पेशंट सोडून जप करत बसतात. दहा वर्षं लागली मला इथे आपल्या मुलींचं नाव व्हायला." त्यांनी पेन खाली ठेवलं. "ट्रे आपोआप फिरला?"

"नाही. कुणी फिरवला ते मला माहीत आहे. मी सांगणार नाही."

"सांगणार नाहीस?"

"त्या माणसाची नोकरी जाईल, मॅडम. आणि माझे डोळे उघडे असते, मी खाटेपाशी तक्ता वाचला असता, तर ट्रे कुणी दहा वेळा फिरवला असता तरी मला कळलं असतं."

मेट्रनबाई सिस्टर लिमयेंकडे वळल्या. म्हणाल्या, हिला ठेवता येणार नाही. आधीच एकदा नापास, त्यात हे, त्यात हा उद्धटपणा.

सिस्टर लिमये खिडकीबाहेर बघत होत्या. "काढा ना. चूक सांगणारी मुलगी काढलीत की न सांगणाऱ्या तेवढ्या उरतील. वॉर्ड कसा शांत होईल."

मेट्रनबाईंनी पेन पुन्हा उचललं. मग त्यांनी निकाल दिला. टोपी नाही. सहा महिने पुन्हा, पहिल्या दिवसापासून, नव्या मुलींबरोबर. आणि एक कोरा कागद पुढे सरकवला. "लिही. मी ड्यूटीवर प्रार्थना करणार नाही. खाली सही कर. नाहीतर आज संध्याकाळी सामान बांध."

कुसुमने पेन घेतलं. इथे मी थोडा थांबतो, कारण तीही थांबली होती. समोर कागद होता. सही केली तर शिक्षण राहणार होतं आणि आईने दिलेली एकमेव इस्टेट जाणार होती. सही नाही केली तर इस्टेट राहणार आणि ती गुरुवार पेठेत वळकटी घेऊन परतणार. पण त्या क्षणी तिला आठवत होती ती तिचीच सकाळची प्रार्थना. तिने शब्दन् शब्द आठवून पाहिली. तीत नऊ दिवस होते, तिचा हात होता, तिची चूक होती. शमशुद्दीन कुठेच नव्हता. बारा खाटांमधली एकही खाट नव्हती. डोळे मिटून ती अर्धं मिनिट फक्त स्वतःची टोपी बघत होती. याची तिला जी शरम वाटली, ती मेट्रनबाईंच्या सगळ्या बोलण्याने वाटली नव्हती.

तिने लिहिलं: 'मी ड्यूटीवर डोळे मिटणार नाही.' खाली पूर्ण नाव घातलं, कुसुम यशवंत वाघचौरे, आणि कागद परत सरकवला.

मेट्रनबाईंनी वाचला. "मी हे सांगितलं नव्हतं."

"मला पाळता येईल तेच लिहिलंय, मॅडम. दुसरं लिहिलं तर पहिल्याच दिवशी खोटी पडेन."

सिस्टर लिमयेंना एकदम खोकला आला. मेट्रनबाईंनी कागद पुन्हा वाचला आणि खणात टाकला. "उद्या सहाला बेडपॅनवर हजर राहा," त्या म्हणाल्या. "नव्या मुली सोमवारी येतील. तोपर्यंत तू एकटीच आहेस."

आईला सांगणं त्याहून अवघड होतं. रविवारी उपासनेनंतर कुसुम घरी गेली. खुंटीवर नवं लुगडं होतं. मुक्ताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. टोपी गेली याचं त्यांना वाईट वाटलं, पण ते त्यांनी गिळलं. बायकोच्या, विधवेच्या, बायबलबाईच्या आयुष्यात गिळायची सवय झालेलीच असते. त्यांना लागलं ते दुसरंच.

"म्हणजे प्रार्थनेनं माणूस मरायला टेकला, असं म्हणतेस तू?"

"प्रार्थनेनं नाही, आई. मिटलेल्या डोळ्यांनी."

"उघड्या डोळ्यांनी कधी प्रार्थना होते का? मन दहा ठिकाणी जातं."

"बारा ठिकाणी जातं," कुसुम म्हणाली. "बारा खाटांवर. जाऊ दे की."

मुक्ताबाई चुलीकडे वळल्या. त्यांनी भाकरी थापायला घेतली. नेहमी त्या आधी डोळे मिटायच्या. त्या दिवशी मिटले की नाही हे कुसुमने मुद्दाम पाहिलं नाही. ती परत निघाली तेव्हा आई दारापर्यंत आली आणि म्हणाली, "मंडईत विचारतील."

"खरं सांग."

"सांगेन," मुक्ताबाई म्हणाल्या. आणि त्यांनी सांगितलंही. प्रत्येक गाळ्यावर, एकेकीला, लेकीने काय केलं आणि ती का परत पहिल्या पायरीवर उभी आहे. शमशुद्दीन बरा होऊन परत पाट्या उचलायला लागला तेव्हा अर्ध्या मंडईने त्याला गाठून खरं-खोटं केलं. तो म्हणाला, गोळी पोरीनं दिली हे खरं आणि जीव पोरीनंच वाचवला हेही खरं.

पुढचे सहा महिने मात्र कुणी वाटून घेण्यासारखे नव्हते. नव्या मुली तिच्यापेक्षा लहान. त्या तिला 'आजीबाई' म्हणायच्या. रझियाच्या डोक्यावर टोपी आली होती, आणि नियमाप्रमाणे कुसुमला तिला वाट द्यावी लागे. पहिल्या दिवशी जिन्यात दोघी समोरासमोर आल्या, कुसुम भिंतीला सरकली आणि रझियाला रडू फुटलं. "तू कशाला रडतेस?" कुसुम म्हणाली, "बेडपॅन माझ्या हातात आहे." तीच व्याख्यानं तिने पुन्हा ऐकली, त्याच चादरींचे तेच कोपरे पुन्हा दुमडले. हाडांचं भजन नव्या मुलींना शिकवलं आणि त्या सगळ्या पहिल्या झटक्यात पास झाल्या, तिच्यावर हसतहसत.

खरी मेहनत दुसरीच होती. डोळे उघडे ठेवून तिला सुरुवातीला प्रार्थना येईचना. शब्द समोर आले की ट्रे दिसायचा, ट्रे दिसला की शब्द पळायचे. दोन महिने असे कोरडे गेले. एकदा तर तिला वाटलं, आपण कागदावर हुशारी केली, पण मेट्रनबाईच जिंकल्या. तरी तिने सोडलं नाही. मग एके सकाळी, कधी ते तिलाही सांगता आलं नसतं, ते वेगळ्या वाटेने जमायला लागलं. खाटेपाशी थांबायचं. तक्ता वाचायचा. नाव वाचायचं, औषध वाचायचं, पेल्यात बघायचं आणि मग त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचं. एवढंच. 'प्रभू, यज्ञेश्वर जोशी, खोकला, रात्री झोपले नाहीत.' पुढची खाट. 'प्रभू, हा मेहबूब, याची आई गावाला आहे.' एका खाटेला एक ओळ. मागणं असं त्यात काही उरलंच नव्हतं. नाव घ्यायचं आणि औषध द्यायचं. बारा खाटांना तिला इतर मुलींच्या दुप्पट वेळ लागायचा. पेशंट कुरकुरायचे. सिस्टर लिमये घड्याळाकडे बघायच्या, तिच्याकडे बघायच्या आणि तोंडाशी आलेलं काहीतरी परत गिळायच्या.

त्या सहा महिन्यांत तिच्या हातून एकही औषध चुकलं नाही. उलट दोन चुका तिने पकडल्या. त्यातली एक खुद्द डॉक्टरांची होती. तिने ती सगळ्यांसमोर न सांगता राउंड संपल्यावर सांगितली, आणि डॉक्टर तिच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. पेशंट मात्र वाचला.

समारंभाचा दिवस आला. मेट्रनबाई नावं वाचत, आणि मुलीने ज्या वॉर्डात शेवटची ड्यूटी केली असेल तिथल्या सिस्टरने तिला टोपी घालायची, अशी त्या रुग्णालयाची रीत होती. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. मुक्ताबाई पहिल्या रांगेत होत्या, आणि मंडईतल्या सहा जणी त्यांच्या मागे. पहिल्या वेळी एवढ्या आल्या नसत्या. रझिया बाजूला उभी राहून अजून नाव पुकारलं नसताना टाळ्या वाजवत होती. मेट्रनबाईंनी वाचलं, "कुसुम यशवंत वाघचौरे." वाचताना त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. फार नाही, एवढीशी.

कुसुम पुढे आली आणि गुडघे किंचित वाकवून उभी राहिली, कारण सिस्टर लिमये बुटक्या होत्या. त्यांनी टोपी ठेवली. पिन लावायला त्यांना वेळ लागला. त्या म्हणाल्या पिनाच बोथट आहेत. शेवटची पिन बसली तेव्हा, इतर कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्या म्हणाल्या, "कर आता."

"काय, सिस्टर?"

"तुझं ते. प्रार्थना. आज ड्यूटी नाही, डोळे मीट हवं तर. मी कुणाला ट्रे उचलू देत नाही."

कुसुमने त्यांच्याकडे पाहिलं. नारायण पेठेतली, सतरा वर्षांत कुणापुढे हात न जोडलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, डावा गुडघा दुखणारी सिस्टर सुभद्रा लिमये.

"चालूच आहे, सिस्टर," ती म्हणाली.